न खेळलेल्या खेळी

बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धेत सभागृहाचे दोन भाग असतात आणि मध्ये खरोखरची दोरी बांधलेली असते. दोरीपलीकडे पहिले दहा-बारा पट. ते पट संगणकाला जोडलेले असतात. सोंगटी हलली की खेळी त्याच क्षणी इंटरनेटवर उमटते, आणि नागपुरातल्या माणसाला ती जितकी सहज दिसते तितकीच नॉर्वेतल्या माणसालाही. दोरीच्या अलीकडे आम्ही बाकीचे. एरवी पंगतीला लावतात ती टेबलं, त्यांवर पांढरं कापड, गुंडाळून ठेवल्यामुळे कडा वर उचललेले पट, आणि मूळचा घोडा हरवला म्हणून दुसऱ्या संचातून आणलेला, जरा उंच, जरा पिवळट घोडा. मे महिना, मंगल कार्यालय, डोक्यावर गरगरणारे पंखे आणि शेकडो माणसं गप्प. ज्या जागी आठवड्यापूर्वी बँड वाजला असेल तिथे आता कुणी खुर्ची सरकवली तरी पंच मान वर करतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत बुद्धिबळाला आपल्याकडे फार चांगले दिवस आले. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताला खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदकं मिळाली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला, आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही मिळवला. अंतिम लढतीत तिच्यासमोर कोनेरू हम्पी होती, म्हणजे चषक कुणीही उचलला असता तरी तो भारतातच येणार होता. वर्तमानपत्रांनी पहिली पानं दिली, ती द्यायलाच हवी होती. मला मात्र दोरीच्या अलीकडच्या भागाबद्दल लिहायचं आहे, कारण त्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही आणि माझा तिथे फार जीव आहे.

आमच्या डावांचं काय होतं ते सांगते. प्रत्येक खेळाडूने प्रत्येक खेळी कागदावर लिहायची असते. तो कागद दुहेरी असतो, वर लिहिलेलं खाली उमटतं. डाव संपला की दोघांनी सह्या करायच्या, एक प्रत पंचांना द्यायची, दुसरी आपल्याकडे ठेवायची. पहिल्या पटांवरचे डाव संग्रहात जातात आणि कायमचे राहतात. आमच्या कागदांचा गठ्ठा स्पर्धा संपेपर्यंत पंचांच्या टेबलावर रबर लावून पडलेला असतो. पुढे त्याचं काय होत असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. घरी नेलेली प्रत पिशवीच्या तळाशी, तिकिटांच्या आणि औषधांच्या पावत्यांमध्ये मिसळून जाते. चार तास दोन माणसांनी जीव ओतून केलेली गोष्ट अशी विरून जाते, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

हौशी खेळाडूंना एकमेकांपर्यंत आणून सोडण्याचं काम करते ती स्विस पद्धत. १८९५ साली झ्युरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. नियम साधा आहे. हरला म्हणून कुणी बाहेर पडत नाही. पुढच्या फेरीत तुमच्याइतकेच गुण असलेला माणूस तुमच्यासमोर येतो. पहिल्या फेरीत एखादा बारा वर्षांचा मुलगा तुम्हाला वीस खेळ्यांत उडवतो, दुसऱ्या फेरीत तुम्ही कुणाला तरी हरवता. असं वर-खाली होत होत सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत यंत्रणा तुम्हाला बरोबर तुमच्या तोडीच्या माणसासमोर नेऊन बसवते. म्हणून मला शेवटच्या फेऱ्या आवडतात. बक्षिसाचा प्रश्न केव्हाच मिटलेला असतो. गटात नाव यायचं नसतं, रेटिंग फार तर चार-दोन गुणांनी हलणार असतं. तरी माणसं खुर्ची पुढे ओढतात, चष्मा पुसतात आणि असे बसतात की जणू सगळं याच डावावर ठरणार आहे.

अशाच एका सातव्या फेरीत माझ्यासमोर एक गृहस्थ आले. इचलकरंजीकडे मोटार रिवायंडिंगचं दुकान. बोटांच्या पेरांवर वार्निशचे पिवळसर डाग, जे कितीही घासले तरी जात नसावेत. त्यांनी हात जोडले, मग आठवल्यासारखं करून हात पुढे केला, हस्तांदोलन झालं. घड्याळ सुरू झालं. प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि दर खेळीला तीस सेकंदांची भर. तीन-चार खेळ्यांनंतर माझी नजर त्यांच्या कागदावर गेली आणि तिथेच थांबली. ते खेळ्या मराठीत लिहीत होते. घोड्याला ‘घ’, उंटाला ‘उ’, हत्तीला ‘ह’, वजिराला ‘व’. घरांची नावं तेवढी नेहमीची. अक्षर ठसठशीत, रांगेत. एक तरुण पंच फेरी मारताना थबकले, वाकून पाहिलं, आणि मुख्य पंचांना विचारून आले. चालतं. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत तशी मुभाच आहे. सोंगटीचं नाव खेळाडूने आपल्या भाषेतलं लिहिलं तर हरकत नाही. इतकी वर्षं मी इंग्रजी अक्षरं गिरवत होते आणि हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

डाव कसा झाला हे सगळं सांगत बसत नाही. त्यातल्या तीन जागा मात्र सांगायला हव्यात.

पहिली जागा सुरुवातीची. माझा काळ्या घरांवरचा उंट ई-३ वर बसला होता आणि त्यांचा घोडा एफ-६ वर. तो जी-४ वर उडी मारून माझ्या उंटाला पिटाळून लावेल असं मला वाटू लागलं. म्हणून मी एच पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सरकवलं. घोड्याची वाट बंद. त्यांनी थोडा विचार केला आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला ए पट्टीतलं प्यादं एक घर पुढे घेतलं. दोन्ही खेळ्या अगदी साध्या, सावध. दाराला कडी लावावी तशा.

दुसरी जागा मधल्या डावातली. त्यांचा तो घोडा मी मागे हटवला होता. त्यांचा राजा किल्लेकोटात होता आणि एच-७ वरचं प्यादं माझ्या दुसऱ्या, म्हणजे पांढऱ्या घरांवरच्या उंटाच्या थेट माऱ्यात होतं. बुद्धिबळ थोडंफार वाचलेल्या कुणाचंही काळीज अशा वेळी धडधडतं. उंट एच-७ वर मारून द्यायचा, राजाने तो घेतला की घोडा जी-५ वर शह देत आणायचा आणि मागून वजीर सोडायचा. इटलीच्या ग्रेकोने सतराव्या शतकात नोंदवून ठेवलेला हा बळी आहे, आणि आजही तो रोज कुठे ना कुठे दिला जातो. मी त्यावर पंचवीस मिनिटं घालवली. राजा मागे गेला तर मात दिसत होती. तो पुढे, जी-६ वर, चालून आला तर मात्र वाटा फुटत जात होत्या. एक वाट धरली की दुसरी सुटत होती आणि पाचव्या-सहाव्या खेळीनंतर पट माझ्या डोळ्यांसमोर पुसट होत होता. त्या पंचवीस मिनिटांत आजूबाजूचं सभागृह नव्हतं, उकाडा नव्हता, घरी ठेवून आलेली कामं नव्हती. फोन तर दाराशी जमा केलेला. शेवटी मी हत्ती मध्यावर आणला. उंट जिथल्या तिथे राहिला.

तिसरी जागा शेवटची. साडेतीन तास उलटून गेले होते. शेजारची टेबलं रिकामी झाली होती आणि मुलं आपापल्या आयांच्या डब्यांकडे पळाली होती. पटावर माझ्याकडे राजा, तोच पांढऱ्या घरांवरचा उंट आणि दोन प्यादी, जी-४ वर आणि एच-४ वर. त्यांच्याकडे राजा आणि एक घोडा. दोन जोडीची प्यादी जास्त. कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, संपलाच डाव. त्यांच्या घड्याळात चार मिनिटं होती. त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर ठेवले आणि पटाकडे पाहत राहिले. मग घोडा उचलला आणि जी-४ वरचं प्यादं मारलं. फुकट. माझा उंट त्या घोड्याला घेणारच होता.

मी घोडा घेतला आणि मग पटाकडे पाहिलं. आता त्यांच्याकडे नुसता राजा. माझ्याकडे उंट आणि एच पट्टीतलं एकटं प्यादं. ते प्यादं वजीर होणार एच-८ वर, आणि एच-८ हे काळं घर. माझा उंट पांढऱ्या घरांचा. त्यांचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की जगातला कुणीही त्याला तिथून हुसकू शकत नाही. उंट त्या घराला शहच देऊ शकत नाही, आणि घाई करून कोंडलं तर राजाला हलायला घर उरत नाही, डाव बरोबरीत. बुद्धिबळाच्या पुस्तकांत याला चुकीचा उंट म्हणतात. बिचाऱ्या उंटाचं चुकलेलं काहीच नसतं. आम्ही आणखी सहा-सात खेळ्या केल्या, राजा कोपऱ्यात पोचला, आणि मी हात पुढे केला. तो हात पुढे करताना मला जो आनंद झाला तो जिंकल्यावर होतो त्याहून निराळा होता. समोरच्या माणसाने माझ्यादेखत एक सुंदर गोष्ट शोधून काढली होती, चार मिनिटांत, थकलेल्या डोक्याने, आणि ती शोधताना पाहणारी एकटी मीच होते.

बाहेर चहाची टपरी होती. त्यांच्या पिशवीत छोटा चुंबकाचा पट होता. तो बाकावर ठेवून आम्ही समोरासमोर बसलो. कागद मधोमध ठेवला आणि डाव पहिल्यापासून लावायला घेतला. त्या आधी ते म्हणाले, “ताई, आमच्या आजोबांच्या हिशोबानं ही बुर्जी झाली बघा. अर्धा डाव तुमचा.” मला हे ऐकून फार बरं वाटलं. देशी बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याकडे नुसता राजा उरला की ती बुर्जी, म्हणजे अर्धी जीत. आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. त्यांचे आजोबा देवळाच्या पारावर तसं खेळत. प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालायचं, आणि राजाला शह बसलेला नसेल तर त्याला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. वडील सांगलीला सामने बघायला जात. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ वाढवलं आणि त्या गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणू लागले. नातू आता पंढरीच्या वाटेवरच्याच एका कार्यालयात माझ्यासमोर बसून कोपऱ्यातल्या राजाच्या जोरावर बरोबरी घेऊन आला होता.

मग डाव लावता लावता आम्ही पहिल्या जागेपाशी आलो. मी विचारलं, “इथं तुमचा घोडा जी-४ वर येणार होता ना?” त्यांनी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाही हो. माझ्या डोक्यातच नव्हतं ते.” थोडं थांबून म्हणाले, “आणि मी ए पट्टीतलं प्यादं सरकवलं ते तुमचा घोडा बी-५ वर येईल म्हणून.” मी त्या घोड्याचा विचारही केलेला नव्हता.

एच-७ च्या उंटापाशी आलो तेव्हा मी माझी पंचवीस मिनिटं त्यांच्यासमोर मांडली. राजा मागे, राजा पुढे, वजीर कुठून, सगळं. ते थक्क होऊन बघत राहिले. त्यांना त्या बाजूला काही आहे याची गंधवार्ता नव्हती. मी विचार करत होते तेवढा वेळ ते वजिराच्या बाजूला माझं एक प्यादं कसं पाडायचं या विचारात होते, आणि ते पडलं तर मी त्यांना कुठे गाठेन, या काळजीत. एकाच पटावर, एकाच घड्याळाखाली, दोन वेगळे डाव चालले होते. दोन्हींना समाईक होत्या त्या फक्त प्रत्यक्ष खेळलेल्या खेळी. कागदावर फक्त त्यांचीच नोंद होती.

आणि शेवटी पटावर जे उरलं ते पाहा. जो उंट मी एच-७ वर दिला नाही तोच उरला. ज्या प्याद्याला मी न येणाऱ्या घोड्याच्या भीतीने एक घर पुढे ढकललं होतं, तेच एच पट्टीतलं प्यादं उरलं. कागद वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला ही बरोबरी म्हणजे चुकीचा उंट आणि कडेचं प्यादं, पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. आम्हा दोघांना ठाऊक होतं की ती एका न दिलेल्या बळीतून आणि एका न आलेल्या घोड्यातून तयार झाली होती.

माणसाच्या डोक्यात खेळताना काय चालतं, याचा एक मोठा अभ्यास डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी केला. त्यांचा प्रबंध १९४६ सालचा. त्यांनी खेळाडूंसमोर पट मांडले आणि सांगितलं, विचार करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोला. बोलणाऱ्यांत अलेखिन, केरेस, मॅक्स युवे असे दिग्गज होते आणि साधे क्लबमधले खेळाडूही. निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. दिग्गज काही फार जास्त खेळ्या पुढचं पाहत नव्हते. त्यांना पहिल्या नजरेतच योग्य जागा दिसत होती. आपल्याला ती दिसत नाही, म्हणून आपण सगळीकडे पाहतो, नसलेल्या घोड्यांची वाट अडवतो, नसलेले बळी मोजतो. मला वाटतं हौशी माणसाचा डाव म्हणूनच डोक्यात इतका मोठा असतो. त्यातला फार थोडा भाग पटावर उतरतो.

या प्रयोगात बोललेले मॅक्स युवे मला विशेष जवळचे वाटतात. ते अॅमस्टरडॅमचे गणिताचे शिक्षक. शाळा सांभाळून खेळत आणि १९३५ साली अलेखिनला हरवून जगज्जेते झाले. पुढे १९६३ साली त्यांनी वॉल्टर मेडन यांच्याबरोबर एक पुस्तक लिहिलं, त्यात मास्टर आणि हौशी खेळाडू यांचे डाव समोरासमोर मांडले आणि हौशी माणूस जसा विचार करतो तसा तो का करतो, हे आस्थेने समजावलं. हेच युवे १९७० ते १९७८ फिडेचे अध्यक्ष होते. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि त्यावर गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा स्त्रियांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही असा निर्वाळा युवे यांनीच दिला. आज माझ्यासारखी बाई शनिवार-रविवारी जाऊन कुणाही समोर बसते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, त्यामागे रोहिणीताई आणि त्यांच्या बहिणी वासंती, जयश्री यांचा धीटपणा आहे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतींनी १९७४ साली जिंकली होती. ही नावं आमच्या पिढीच्या बायकांनी विसरता कामा नये.

घरी गेल्यावर मी डाव स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनला दाखवला. त्याने काही सेकंदांत सगळं सांगितलं. उंटाचा बळी चालला असता. त्यांच्या ए पट्टीतल्या प्याद्याची गरज नव्हती. प्रत्येक खेळीपुढे एक आकडा. आकडे सगळे खरे होते आणि मी त्यांतून शिकले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या आकड्यांत भीती कुठेच नव्हती, वार्निशचे डाग असलेली बोटं घोड्याकडे जाताना क्षणभर का थबकली ते नव्हतं, आणि आजोबांची बुर्जी तर असण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिनला डावाची किंमत कळते. डाव कुणी, कशातून घडवला ते फक्त समोरच्या माणसाला विचारून कळतं. आणि तो ते एकदाच, ताजं असतानाच सांगू शकतो. दुसऱ्या दिवशी त्यालाही आठवत नाही.

हल्ली मी पाहते, डाव संपला, सह्या झाल्या की लोक तडक दाराशी जातात, जमा केलेला फोन घेतात आणि तिथेच उभ्या उभ्या खेळ्या भरू लागतात. समोरचा माणूस पिशवी उचलून निघून जातो. मुलांचे पालक तर फोन हातात घेऊनच उभे असतात. मूल बाहेर येताच पहिला प्रश्न असतो, चूक कुठे झाली. मुलाला विचारायला हवं की तुला काय दिसलं, आणि समोरच्याला काय दिसलं असेल.

तेव्हा तुम्ही खेळत असाल तर एवढं करा. पुढच्या स्पर्धेत डाव संपल्यावर, हरलात तरी, समोरच्याला दहा मिनिटं मागा आणि तुम्हाला ज्याची भीती वाटली ते आधी सांगा. तोही सांगेल. इंजिन रात्रीही जागंच असतं, तो मात्र सहाच्या एसटीने जाणार असतो. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती आहे. खेळण्याच्या दालनाबाहेर, सावलीत, एक लांब टेबल, चार पट आणि आठ खुर्च्या लावून ठेवा. चहाच्या टपरीच्या बाकावर फार काळ बसू देत नाहीत.